ममताचा मेरा

दिवाळीच्या आठवड्यात ममताच्या चक्कीचा पट्टा दिवसभर थांबत नाही. सकाळी ज्वारी आणि गहू, दुपारनंतर हरभऱ्याची डाळ आणि सगळ्यात शेवटी चकलीची भाजणी, हा तिचा नियम. बेसनावर कोणाची ज्वारी दळली तर त्या घरची भाकर पिवळी होते, आणि भाजणीवर गहू दळला तर पोळीला धण्या-जिऱ्याचा वास लागतो. म्हणून कोणी कितीही घाई केली, तांड्याच्या नायकाचं, म्हणजे प्रमुखाचं, नाव सांगितलं, तरी ती डबा रांगेत ठेवते आणि म्हणते, “नायकाच्या घरीबी पिवळी भाकर खात नाई कोनी.”

तांडा आर्णीच्या बाजाराचा. सगळी वस्ती बंजाऱ्यांची. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी, पण निम्म्यांची शेती इतकी थोडी की दसरा झाला की घराला कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला निघून जातात. कोण गेलं आणि कोण राहिलं, हे ममताला कोणी सांगावं लागत नाही. ज्या घरचा डबा चक्कीवर आला नाही त्या घरची दिवाळी या वर्षी सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडात, हे तिला कळतं. या वर्षी डबे फार कमी आले. भाजणी तर एका पाटीत मावेल एवढीच झाली.

ममताचं वय चाळिशीच्या पुढे गेलं आहे. केसांवर कायम पीठ असतं. “पीठ झटकत जा वं,” असं कोणी म्हटलं की ती म्हणते, “झटकलं तं खालचे पांढरे दिसतीन. राहू दे.” घरात ती, वडील गुलाबसिंग आणि आई सुखीबाई. धाकटा भाऊ संजय पुसदला असतो, तिथे त्याचं मोटारसायकलींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिवाळीला तो बायकोमुलीला घेऊन येतो आणि तीन माणसांचं घर सहा माणसांचं होतं. एरवी घरात बंजाऱ्यांची गोरबोली. पण संजयची मुलगी सोनू पुसदला शाळेत शिकणारी, तिला गोरबोली कळते आणि बोलता येत नाही. त्यामुळे ती आली की सगळं घर मराठीवर येतं. सुखीबाई तेवढी मधूनच घसरते.

या वर्षीही ते धनतेरसीला आले. अमावास्येच्या दुपारी ममताने चक्की बंद केली, हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसली. संजयची बायको वर्षा करंज्या लाटत होती, ममता तळत होती. सोनू सारणाच्या ताटाजवळ बसून खोबरं खात होती.

“आत्या, आज मेरा आहे ना?”

“हाय ना.”

“मी जाणार. गेल्या वर्षी मला ताप आला होता. या वर्षी मी दिवा घेऊन जाणार.”

मेरा म्हणजे तांड्याची दिवाळी. फटाके, आकाशकंदील हे सगळं मागाहून आलं. दिवाळीच्या अमावास्येला अंधार पडू लागला की तांड्यातल्या अविवाहित मुली हातात पेटता दिवा घेऊन निघतात. आधी नायकाच्या घरी, मग ओळीने प्रत्येक दारी. घरातल्या प्रत्येक माणसापुढे दिवा धरायचा, त्याला नात्याने हाक मारायची आणि मेरा मागायचा. “याडी, तोन मेरा.” “काका, तोन मेरा.” याडी म्हणजे आई, तोन म्हणजे तुला. नातं चुकायचं नाही. तांड्यात जन्मलेली मुलगी पाच-सहा वर्षं थोरल्या मुलींच्या मागे फिरली की तिला सगळी नाती पाठ होतात. लग्न झालेल्या बाईला मेऱ्याला जाता येत नाही. आणि जिचं लग्न ठरलं आहे, तिचा तो शेवटचा मेरा. त्या दिवशी ती मुलगी प्रत्येक उंबऱ्यावर रडते, घरचे लोकही रडतात, तिला लुगडं देतात, चोळी देतात, जवळ घेतात. तांड्याने मुलीला दिलेला निरोपच तो. लग्नातली रडारड त्यापुढे काहीच नाही.

ममताने तो निरोप घेतला होता. वीस वर्षांपूर्वी. दिग्रसकडच्या एका तांड्यातला इंद्रजीत नावाचा मुलगा ठरला होता, साखरपुडा झाला होता, उन्हाळ्यात लग्न. त्या दिवाळीला ममता दारोदार हिंडून इतकी रडली की घसा बसला आणि दुसऱ्या दिवशी तिला बोलता येईना. पौषात बातमी आली की इंद्रजीतने कारखान्यावर, जिथे तो टोळीबरोबर गेला होता, तिथेच एका मुलीशी लग्न केलं. पंच बसले, बोलणी झाली, साखरपुडा मोडला. पुढे सुखीबाईला लकवा मारला, डावा हात कायमचा लुळा झाला. ममताला पाहायला दोन-तीन जण आले. एकाला ती पसंत पडली नाही, एक तिला पसंत पडला नाही, एकाने आईला बरोबर ठेवायला नकार दिला. मग येणं थांबलं. गुलाबसिंगने लग्नासाठी राखून ठेवलेल्या पैशांची चक्की घेतली.

पण मेऱ्याचं काय? हे कोणी बोललं नाही. मोडलेल्या साखरपुड्याच्या पुढच्या दिवाळीला ममताने दिवा घासून ठेवला होता. नवी परकर-चोळी घालून ती दारामागे उभी राहिली. बाहेरून मुलींचा आवाज आला, जवळ आला, आणि दारापुढून निघून गेला. कोणी हाक मारली नाही. ममताने वात विझवली आणि कळलं तिला, की निरोप एकदाच घेता येतो. सगळ्या तांड्याकडून रडून, लुगडी घेऊन निघालेली मुलगी परत दिवा घेऊन दारात कशी उभी राहणार? तेव्हापासून मेऱ्याच्या संध्याकाळी तिला काहीतरी काम असतं. मुली घरी येतात तेव्हा ती परसात असते.

“कोणाबरोबर जाशील?” वर्षाने सोनूला विचारलं. “थोरल्या पोरी तर सगळ्या ऊसतोडीला गेल्या.”

“चौघी आहोत. मी, आणि त्या तिघी.”

त्या तिघी म्हणजे सहा ते आठ वर्षांच्या मुली. सोनू दहा वर्षांची. नाक्यावरच्या दुकानाचं नाव सांगता येईल, पण तांड्यातली कोण कोणाची कोण, हे चौघींपैकी एकीलाही सांगता येणार नव्हतं.

तेवढ्यात दारात नायकाचा नातू बंटी उभा राहिला. हातात मोबाईल. कोणाकडे काय काम आहे ते सांगत तो तांडाभर फिरत होता.

“मोठे बाबा म्हणतात, औंदा मेरा राहू द्या. पोरीच नाईत तं कोन मांगन? मी सेवालाल बापूच्या मंदिरावरच्या भोंग्यातून मेरा लावून देतो. हाय ना मोबाईलवर, मस्त आवाज हाय. सगळ्या घराइले एका वक्ती ऐकू जाईन.”

खाटेवर बसलेली सुखीबाई एकदम ताठ झाली. “आन दिवा? दिवा बी भोंग्यातूनच येईन का रे?”

“दिव्याचा फोटो टाकतो ना आजी, ग्रुपवर.”

“जाय तुया मोठ्या बाबाले सांग, सुखीबाईनं दात पाडीन म्हटलं.”

“त्याइचे पडले पह्यलेच,” बंटी हसत म्हणाला आणि ताटातली एक करंजी उचलून पळाला.

गुलाबसिंग अंगणात बसून ऐकत होता. तो म्हणाला, “खेमसिंग नायकाचं बी चुकत नाई. मेरा मांगाले एक तरी मोठी पोरगी पाह्यजे.”

सोनूने खोबऱ्याचा हात फ्रॉकला पुसला. “आत्या आहे ना. आत्याचं लग्न नाही झालं.”

कढईतली करंजी उलटायची वेळ झाली होती. ममताने ती उलटली नाही. वर्षाने सोनूच्या पाठीत हळूच एक दिली. “गप बस. काहीही बोलतेस.”

“खोटं बोलले का? नाही ना झालं?”

“माह्या मेरा झाला,” ममता म्हणाली. “तू लहान नव्हती, तू होतीच नाई तवा. आता मी नाई जात.” आणि करंजी काढली. एका बाजूने ती काळी झाली होती. ममताने ती वेगळी ठेवली.

एवढं बोलणारी सुखीबाई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. वर्षाला ते खटकलं. ममताच्या लक्षात आलं नाही, कारण ती जाणूनबुजून कोणाकडे पाहत नव्हती.

दिवस मावळला. अंगणातली जागा शेणाने सारवलेली होती, त्यावर वर्षाने रांगोळी काढली. सोनूने हट्ट सोडला नाही. तिघी लहान मुली ओढण्या पांघरून आल्या, एकीची ओढणी जमिनीवर लोळत होती. सुखीबाईने उजव्या हाताने चारही दिव्यांत तेल घातलं आणि कोणाला काय म्हणायचं ते सांगितलं. चौघींनी माना डोलावल्या आणि निघाल्या.

ममता परसात गेली. परसात तिला काही काम नव्हतं. तिने गोठ्यातली गव्हाण साफ केली, जी सकाळीच साफ केली होती. मग कोंबड्या झाकल्या. मग नुसतीच उभी राहिली. नायकाच्या घराकडून मोठा हशा ऐकू आला, आणि थोड्याच वेळात कोणाच्या तरी रडण्याचा आवाज.

सोनू पळत पळत परसात आली. तिच्या हातातला दिवा विझला होता.

“मला नाही जायचं. सगळे हसले.”

“काहून हसले?”

“मी त्या आजीला आंटी म्हणाले. आंटी, तोन मेरा. सगळे जोरात हसले. मग त्या छोटीने नायकाला याडी म्हटलं. मग आणखी हसले. मग ती रडली.”

ममतालाही हसू आलं असतं. पण सोनूचं तोंड पाहून तिने ते आवरलं. “ते वाईटासाठी नाई हसले.”

“तू म्हणतेस. तू कुठं होतीस?”

ममताने सोनूच्या हातातून दिवा घेतला, वात बोटांनी वर केली, चुलीपाशी जाऊन पेटवला. बाहेर तिघी मुली अंगणाच्या कडेला उभ्या होत्या, एक अजून हुंदके देत होती. ममताला वाटलं, यांना नायकाच्या घरापर्यंत पोचवून द्यावं. आपण कुंपणाबाहेर उभं राहावं, अंधारात, आणि कोणाला काय म्हणायचं ते हळूच सांगावं. तेवढं केलं तर कोणाचं काय जातं?

“चला,” ती म्हणाली. “मी बाह्यर उभी राहीन. तुम्ही आत जाजा.”

ती निघाली तेव्हा सुखीबाई दारात आली होती. तिने थांबवलं नाही.

नायक खेमसिंगचं घर तांड्याच्या तोंडाशीच. ओसरीवर तो, त्याची बायको सक्रीबाई, मुलगा, सून, बंटी आणि शेजारची चार माणसं बसली होती. ममता कुंपणापाशी थांबली आणि तिने सोनूला पुढे ढकललं. “ती खुर्चीवरची तुई आजी. आजी म्हन. त्याइच्या बाजूनं बसला तो मोठा बाबा.”

सोनू ओसरीपर्यंत गेली आणि पुन्हा मागे वळून पाहू लागली.

“कोन हाय वं तिथं अंधारात?” सक्रीबाईने विचारलं. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा ती सणाला लावत नाही. “कोन शिकवून राह्यलं या पोट्ट्याइले?”

“मी हाय काकी. ममता.”

ओसरीवरची माणसं वळून पाहू लागली.

“तू बाह्यर काहून उभी हाय?”

“पोरीइले सांगाले आली. त्याइले नातं समजत नाई.”

“आन तुया हातात दिवा कायचा हाय?”

ममताने हाताकडे पाहिलं. सोनूचा दिवा पेटवला तो तिच्याच हातात राहून गेला होता. सोनू रिकाम्या हाताने ओसरीपुढे उभी होती.

“हा सोनूचा हाय.”

“सोनूचा हाय तं सोनूच्या हातात पाह्यजे. तुया हातात हाय म्हन्जे तुयाच.” सक्रीबाईचा आवाज कोर्टातल्या वकिलासारखा झाला. “ये इकडे.”

“काकी, माह्या मेरा झाला. तुम्हीच लुगडं दिलतं.”

“दिलतं. हिरवं. काठाचं. ते फाटलं का नाई अजून?”

“याडीनं गोधडीले लावलं.”

“घ्या!” सक्रीबाई बाकीच्यांना म्हणाली. “माह्या चांगल्या लुगड्याची गोधडी केली सुखीनं. लगन नाई झालं तं लुगडं वापस द्या लागते का नाई?”

खेमसिंग हसला. त्याच्याबरोबर बाकीचेही. ममतालाही हसू आलं, पण पाय हलले नाहीत.

“काकी, लोकं काय म्हनतीन? एकदा रडून-भेकून निरोप घेतला आन वीस वर्सानं हे टोंगळे दुखाच्या वयात दिवा घिऊन दारात.”

“लोकं!” सक्रीबाईने तोंड वाकडं केलं. “लोकं त्याच वर्सी वाट पाह्यत होते तुयी. लगन मोडल्यावरच्या दिवाळीले माह्या पोरी तुया कुंपनापाशी किती वेळ उभ्या होत्या. ममताबाई ये, ममताबाई ये, असं म्हनाले गेल्या तं तुया मायनं त्याइच्यावर हात उगारला. हळूच म्हने, तिले बलाऊ नका, तिले दुखते, जा इथून. पोरी येऊन रडल्या माह्यापाशी. मंग त्याइनं पुन्हा कदी बलावलं नाई तुले. तुले मायनं सांगतलं नाई का?”

ममताला काहीच सांगितलेलं नव्हतं. दारामागे उभं राहून तिने मुलींचा आवाज जवळ येताना ऐकला होता आणि दूर जाताना ऐकला होता. मधे काय झालं, ते आज कळलं. आई त्या वेळी पुढच्या अंगणात होती. ती आत आली तेव्हा तिने एवढंच म्हटलं होतं, “गेल्या पोरी.” आणि ममताला वाटलं होतं की तांड्याने तिला मुलींतून काढलं. इतकी वर्षं ती ज्यांचं दळत आली, त्या प्रत्येक घराबद्दल तिच्या मनात हा एक खडा होता. पिठातल्या खड्यासारखा, दातांखाली आला की कळणारा.

“काय वं, मुकी झाली का?” सक्रीबाई म्हणाली. “ये म्हटलं ना. माहे डोये गेले, पुढल्या वर्सी कान बी जातीन. मले ऐकाचं हाय.”

सोनूने येऊन ममताचा पदर धरला आणि ओढला. एवढंसं ओढणं, पण ममता निघाली. ओसरीपुढे आली. दिवा सक्रीबाईच्या तोंडापुढे धरला. त्या प्रकाशात सक्रीबाईच्या गोंदलेल्या हनुवटीवरच्या सुरकुत्या दिसल्या. ममताचा आवाज बारीक निघाला.

“काकी, तोन मेरा.”

मागून सोनूने आणि तिघींनी उशिरा तेच म्हटलं. सक्रीबाईने डोळे मिटून घेतले. ती रडेल असं वाटलं, पण ती म्हणाली, “मोठ्यानं म्हन. चक्कीवर ओरडतं तसं.”

मग ममता मोठ्याने म्हणाली. खेमसिंगला काका म्हणाली, त्याच्या मुलाला भीया, सुनेला भाभी. बंटीची पाळी आली तेव्हा तो मोबाईल खिशात घालून खाली पाहू लागला. “तुले काय म्हनू रे? भोंगा म्हनू?” असं ममताने विचारल्यावर तो पहिल्यांदा लाजला.

तिथून पुढे मुलींना फारसं सांगावं लागलं नाही. ममता पुढे म्हणे, त्या मागे. तिला दारात पाहून काही बाया तोंडात बोटं घालत. एक तरुण सून खुदकन हसली आणि तिच्या सासूने तिला डोळे दाखवले. एका घरात म्हातारी म्हणाली, “बरं झालं आली, माय.” एकजण असाही भेटला, ज्याने दिव्याकडे पाहून, “आता काय लगन ठरलं का पुन्हा?” असं विचारलं. ममताला ते लागलं. पण मागे चार मुली उभ्या होत्या, म्हणून तिने त्यालाही नात्याने हाक मारली, मेरा मागितला आणि पुढे गेली.

कुलूप लावलेल्या घरापुढे सोनू थांबली नाही. ममता थांबली.

“इथं कोणी नाही आत्या.”

“उंबरठा हाय ना.” तिने दिवा उंबरठ्यापाशी नेला आणि फडावर गेलेल्या त्या घरच्या माणसांची नाती एकेक करून घेतली. मग तिने सोनूला सगळी पुन्हा म्हणायला लावली. पुढच्या कुलूपबंद घरापुढे सोनू आपणहून थांबली आणि कोणाकोणाला काय म्हणायचं, ते विचारू लागली.

सगळ्यात शेवटी स्वतःचं घर. त्याला टाळायचं म्हटलं तरी टाळता येत नव्हतं. ओळीचं शेवटचं घर तेच. गुलाबसिंग, संजय आणि वर्षा अंगणात उभे होते. सुखीबाई दारात पाटावर बसली होती, डावा हात मांडीवर, उजवा त्यावर.

ममताने आधी वडलांपुढे दिवा धरला. गुलाबसिंग “हो, हो,” एवढंच म्हणाला आणि त्याने दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. पीठ उडालं. संजयला भीया म्हणायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, “धाकट्याले भीया काय म्हनतं, नाव घे,” पण दिव्यापुढे वाकला.

मग ती आईपुढे आली. सोनू आणि तिघी मागे थांबल्या. त्यांनाही कळलं असावं की इथे घाई करायची नाही.

“याडी,” ममता म्हणाली. पुढचं म्हणाली नाही. “तू पोरीइले हाकललं होतं.”

सुखीबाईने वर पाहिलं. “सक्रीनं सांगतलं.”

“तू काहून नाई सांगतलं?”

“तू दारामांगं होती. मले माह्यत होतं. मले वाटलं, दार उघडून बाह्यर आली, आन कोनी एक शबुद बोललं, तं पोरगी मरून जाईन माह्यी.”

“अन् मी समजली का तांड्यानं टाकलं मले.”

“हे मले नाई समजलं,” सुखीबाई म्हणाली. “मंग तू परसात जाले लागली. मले वाटलं तुलेच मेरा पसंत नाई. एक वर्स गेलं, दोन गेले. मंग सांगाचं कसं?”

ममताच्या हातातल्या दिव्याची वात तडतडली. तिला आईचा राग आला होता आणि तो खरा होता. तो दिव्याने जळून जाईल अशी काही चिन्हं नव्हती. पण मेरा मागायचा तर सगळ्यांना मागायचा, एखादं माणूस गाळता येत नाही, हे तिनेच मघापासून मुलींना शिकवलं होतं.

“याडी, तोन मेरा,” ती म्हणाली. मुलींनी मागून म्हटलं. सुखीबाईने उजवा हात पुढे करून दिव्यावर नुसता धरला, शेक घेतात तसा, आणि परत घेतला. त्या रात्री मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. ममताने सगळ्यांना वाढलं, आईलाही वाढलं, आणि जेवून निजली.

सकाळी पाडवा. पाडव्याला गुलाबसिंग अंगणात निखारे करतो आणि त्यावर तूप-लापशी सोडून घरच्या गेलेल्या माणसांची नावं घेतो. ते झाल्याशिवाय कोणी खात नाही. म्हणून ममता पहाटेच चुलीपुढे बसली होती. दलिया तुपात भाजून झाला होता, गूळ विरघळून वर आला होता, आता सारखं हलवत राहायचं होतं. सुखीबाई शेजारी बसून वेलदोडे सोलत होती. वर्षा अंगण झाडत होती, आणि आत काहीच ऐकू येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा दारातून डोकावत होती.

बाहेर गलका झाला. सोनू आणि तिघी मुली, शिवाय काल न आलेल्या आणखी दोघी, हातात टोपल्या घेऊन उभ्या होत्या. मेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलींनी रानात जाऊन फुलं आणायची आणि शेणाच्या गोवर्धनाला लावायची, ही मुलींचीच रीत.

“ममता आत्या! चल ना फुलं आणायला!” एकीने कुंपणाबाहेरूनच हाक मारली. मग सगळ्यांनी मिळून मारली.

ममताचा हात कढईतल्या उलथण्यावर थांबला. “लापशी हाय चुलीवर,” ती बाहेर ओरडली. “तुम्ही जा पुढं.”

मुली गेल्या नाहीत. उभ्या राहिल्या.

सुखीबाईने वेलदोडे बाजूला ठेवले, पाट सरकवला आणि उजव्या हाताने ममताच्या हातातलं उलथणं घेतलं. ममताने पटकन सोडलं नाही. सुखीबाईने ओढलं.

“जाय.”

“तुया एका हातानं होत नाई. खाली लागते.”

“लागू दे.”

“बापाले करपलेली लापशी चालत नाई. वरच्या लोकाइले बी नाई चालत.”

“माह्या सासरची मानसं हायेत ते वरचे. त्याइनं माह्याच हातचं खाल्लं जन्मभर, करपलेलं बी. तू मले शिकवू नको.”

“पानी थोडं शिपडजो. आन बुडापासून हालवजो.”

“जातं का नाई आता? पोरी उभ्या हायेत.”

ममता उठली. कोनाड्यावरची टोपली घेतली, पायात चप्पल सरकवली आणि बाहेर पडली. शेताच्या धुऱ्यावर कुरडू फुलला होता आणि कोणाच्या तरी कपाशीत पहिली वेचणी सुरू होती. कोणती फुलं चालतात आणि कोणती नाही, हे सोनू विचारू लागली, आणि बाकीच्या मुली तिला एकाच वेळी सांगू लागल्या.